शिंदे तलासरीला उतरला

रविवार, संध्याकाळ

आज शिंदे आला. फौजेतल्या आमच्या युनिटचा ड्रायव्हर, ज्याचा ट्रक मी, तिथला मेकॅनिक, अडवला होता. वापीहून मुंबईला जाताना बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन मुद्दाम आमच्या तलासरीला उतरला. माझ्या सुट्टीचं त्याला कुणी सांगितलं?

डोंगरातली ती सकाळ अजून डोक्यातून जात नाही. ब्रेकचे नवेकोरे रबरी पाइप आले होते. त्याच्या ट्रकला बसवले, पेडल दाबायला लावलं, तर पाइप माझ्या बोटांखाली फुगला. किंचितच. भास तर नाही ना? पण पुढे घाट होता. मी साहेबांना कळवलं आणि सगळ्या गाड्या थांबल्या. त्याच ट्रकने खाली येऊन शिंदे बायकोच्या बाळंतपणाला जाणार होता. मुलगी झाली तेव्हा तो वरच अडकला होता. नंतर माझ्याशी बोलेना. वरिष्ठांकडून विचारणा झाली तेव्हा साहेब म्हणाले, "गाड्या मी थांबवल्या." माझं नावही घेतलं नाही. त्यांचे उपकार कसे विसरू?

तो किंचित फुगलेला पाइप! तपासणीत त्याच मालातले पाइप फुटले, हे आता युनिटमध्ये सगळ्यांना कळलंय.

आईने नाचणीच्या भाकऱ्या वाढल्या. मी म्हटलं, "तुझा राग खरा होता, शिंदे."

"होताच, दादा. पोरीचं पहिलं रडणं फोनवर ऐकलं मी."

त्याची बायको हसली. "मीपण तुम्हाला मनात खूप बोलले, भाऊजी. घ्या, धरा हिला."

हात स्वच्छच होते. तरी पुन्हा धुऊन आलो आणि मग तिला घेतलं.