छातीवरचं तेल

२४ जुलै २००६, सोमवार
ह्यांच्या छातीत परवापासून दाबल्यासारखं होतंय. जाळं शिवताना दोनदा थांबले. मी बघितलं. हे म्हणतात, तू काही बघितलं नाहीस.
सकाळी खोबरेल कोमट करून छाती-पाठ चोळली आणि चकचकीत माणूस मालवणला डॉक्टरीणबाईंकडे नेला. कार्डिओग्रामच्या रबरी वाट्या छातीवर चिकटेनात. पट्टीवर रेघा नुसत्या वेड्यावाकड्या. बाई चिडल्या, "अहो, एवढं तेल लावून कोण येतं?" आम्ही येतो. रक्त घेतलं, बुधवारी परत बोलावलंय.
एस्टीत हे खुशीत. "माका काय एक झाला नाय. सगळा तुझा तेल!"
मलाही तेच हवं होतं.

२६ जुलै
काल अवसेला कोंबडी झाली, खुशीची. आज निघताना साबणाने ह्यांची छाती घासली. "कातडा काढतंस काय गो?"
वाट्या लगेच चिकटल्या. रेघा स्वच्छ. तरी बाईंनी पट्टी दोनदा बघितली. मग बोट ठेवून दाखवलं, ठोक्यानंतरचा हा छोटा उंचवटा वर हवा, ह्यांचा खाली गेलाय. हृदयाला रक्त कमी पोचतंय. कोलेस्टेरॉल फार वाढलंय, नळ्या आतून अरुंद झाल्या असतील, गोव्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा. तोवर गोळ्या रोज. ओझं नाही, दोरी ओढणं नाही.
तेलाला बोल लावायची सोय गेली. घाबरलेय मी.

३० जुलै, रविवार
श्रावणात मासे नाहीतच, आता नारळही बंद. काळ्या वाटाण्याचं सांबारं बिननारळाचं केलं. ताटाकडे बघत बसले, मग माझ्याकडे. गोव्याचं नाव काढलं की उठून जातात.

९ ऑगस्ट, नारळीपौर्णिमा
ह्यांनी दर्याला नारळ दिला. मी हात जोडले, म्हटलं हा माणूस ठेव. बाकी काही सुचलंच नाही.
घरी येताना उद्याचं काढलं, "फाल्या रापण. पयली दोरी माझी."
"मगे माज्या मड्यार पाय दिवन जावा."


१० ऑगस्ट
हे किनाऱ्यावर, हात मागे बांधून. होडी रापणीचं जाळं सोडत फिरून आली, माणसं दोरीला लागली, तशी ह्यांची पावलं सरकायला लागली. मी टोपली टाकली, पदर खोचला आणि ह्यांच्या जागेवर जाऊन दोरी धरली. मागचे हसले. हे लालेलाल. "पयलो पाय रोव, मगे ओढ! हातात जीव नाय काय?" आणि पुढे लिहिण्यासारखं नाही ते. सगळ्या तोंडवली गावासमोर शिव्या खाल्ल्या. दोरी सोडली नाही. हे वाळूत उभे राहून ओरडत होते, मला तेवढंच पुरे होतं.
तळहात सोलवटलेत, पेन नीट धरवत नाही.
रात्री जेवून उठले. हात धुता धुता, माझ्याकडे न बघता,
"गोव्याक ता काय तपासतत... दुखतला काय गो?"
इतक्या वर्षांत ह्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. खोटं सांगवेना.
"माका म्हायत नाय," म्हटलं. "मी दाराभायर बसतलंय."
हो म्हणाले नाहीत अजून.