'आलोच' नावाचा देव

केंब्रिज, फेब्रुवारी १९९८

प्रिय मॅग्नस,

तुझा कप अजून धुतलेला नाही, हे आधी सांगते. सफाईला येणारी डोरीन दर सोमवारी त्यातल्या बुरशीकडे बघून विचारते, "यातपण कुणी नवा प्राणी पाळलाय का तुम्ही?" फोन केला की तुझी बहीण म्हणते, तो बोटीवर गेलाय. चार महिन्यांत किती वेळा बोटीवर गेलास रे? तुमच्या ऑर्कनी बेटांभोवतीच्या समुद्रात मासे तरी उरलेत का? म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले.

बातमी अशी की आपण घडवलेल्या बुटक्यांना देव सापडलाय. हसू नकोस. कॉम्प्युटरमधल्या त्या इवल्याशा जगात रोज दुपारी सगळे डावीकडच्या झाडाखाली जमतात आणि वर बघत बसतात. पुढे नेल म्हातारी, मागे तिची नातवंडं. भांडण नाही, चिमटे नाहीत. पडद्यावरचं ते पिवळसर ऊन त्यांच्या पाठीवर हळूहळू सरकत असतं. मग नेलच्या डोक्यावरच्या फुग्यात एक शब्द उमटतो, 'आलोच'. पाठोपाठ सगळ्यांच्या डोक्यांवर, 'आलोच, आलोच'. बाहेर नदीवर धुकं उतरलेलं असतं आणि खालच्या सायकलवाल्याचा हातोडाही थांबलेला असतो. मला पापणी हलवायचीही भीती वाटते.

चूक तुझीच आहे. त्यांना शब्द शिकवायची आपली एकच रीत, पडद्यावरचा पांढरा हात वस्तूपाशी न्यायचा आणि तिचं नाव टाइप करायचं. तू डावखुरा, रोज चार वाजता तो हात डावीकडून आणून त्या झाडावर तसाच ठेवायचास, 'आलोच' असं टाइप करायचास आणि चहाला जायचास. आम्हाला सांगून जायची तुझी सवय, त्यांनाही सांगायचास. परत आलास की त्यांच्यापुढे मूठभर हेझलनटचे दाणे टाकायचास. त्यांनी आपला सरळ हिशेब केला, खाऊ घालणाऱ्या त्या हाताचं नाव आलोच. डोरीनला हे सांगितलं तेव्हा ती केवढी हसली. "म्हणजे त्यांचा देव चहाला गेलाय होय! आमच्या चॅपलमध्येपण कधी कधी मला तसंच वाटतं."

मला मात्र हसू येईना, कारण ते मरायला लागले होते. तू गेल्यावर खाऊ मीच घालत होते. पण माझा हात उजवीकडून येतो, त्याला नाव नाही. मी टाकलेले हेझलनट ते उचलायचे, झाडाखाली नेऊन रचायचे आणि उपाशी पोटी त्या राशीसमोर बसायचे. एकतीस होते, चौदा उरले. आपले मालक पेटिफरसाहेब डोकावले आणि म्हणाले, "रोवेना, गिऱ्हाइकाला मी काय विकू, उपासाने मरणारे भाविक? शुक्रवारी हे सगळं पुसून टाक." मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

तुझ्या शेवटच्या दिवसाची मला सारखी आठवण येते. आदल्या संध्याकाळी आपण पुलावर चिप्स खात उभे होतो. तू काहीतरी बोलणार होतास, तेवढ्यात त्या दांडगट बदकाने तुझा चिप्सचा कागद पळवला. मी पोट धरून हसले आणि तू म्हणालास, "जाऊ दे, उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी चार वाजता तू तो शब्द टाइप केलास, चहाला खाली गेलास आणि तिथेच तुझे वडील आजारी असल्याचा निरोप आला. तसाच स्टेशनवर गेलास. कोट अजून खुंटीवर आहे.

तर शुक्रवारी मी एक पाप केलं. तुझ्या खुर्चीत बसले, डाव्या हाताने माऊस धरला, तुझ्यासारखा तो पांढरा हात डावीकडून झाडावर नेला आणि टाइप केलं, 'आलोच'. पंधरा मिनिटांनी हेझलनट टाकले. ते उड्या मारत आले आणि पोटभर जेवले. आता नवी पिल्लं धरून एकोणीस झालेत. पेटिफरसाहेबांनी पुसायचं रद्द केलं. तेव्हा त्यांच्यासाठी धावत ये, असं सांगायला हे पत्र नाही. त्यांचं भागलं.

फक्त नेल फसली नाही. ती हाताजवळ आली, थोडा वेळ बघत राहिली, दोन दाणे खाल्ले आणि बाकीचे झाडाखाली नेऊन ठेवले. अजून रोज ठेवते. मी रोज चार वाजता तिच्यासमोर बसते आणि लाज सोडून सांगायचं तर, मलाही तुझ्याशिवाय दुसरा कुठला हात चालत नाही. पुलावर तू जे बोलणार होतास ते हेच असेल, तर माझं हो आहे. दुसरं काही असेल, तर तेही तोंडावर सांग. पण पत्राच्या उत्तरात तो तुझा एक शब्द तेवढा लिहून पाठवू नकोस. नुसता ये.

चार वाजता खिडकीशी बसलेली,
तुझीच
रोवेना