बाना मुसोंडा अजून हसते

प्रिय मुसोंडा,

हे पत्र तुझ्या वसतिगृहाच्या सिस्टर अगाता तुझ्या हातात देतील आणि तुझं वाचून होईपर्यंत तुझ्याजवळ बसतील. मीच त्यांना तसं सांगितलंय. मधेच उठून जाऊ नकोस, बाळा. राग आला तर कागद फाडून टाक, पण शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

तुला तुझी आई किती आठवते, मला ठाऊक नाही. तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. म्हणून आधी ती खरी कशी होती ते सांगते, कारण हे सांगणारं आता आजी आणि माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलेलं नाही. माझी ताई हसरी नव्हती. चांगली तिरसट होती. किट्वेच्या बाजारात टोमॅटोवाल्यांच्या ओळीत अगदी टोकाला तिची जागा. शेंगदाणे भाजायचे, दळायचे, त्यांचं लोणी करून बरण्यांत भरायचं. कुणी बरणी उचलून भाव पाडायला लागलं की म्हणायची, "ठेव खाली. तुझ्या नवऱ्यानं खाणीतनं उचलून आणलेला दगड नाही तो." गिऱ्हाईक चिडून जायचं आणि दोन दिवसांनी परत यायचं, कारण लोणी तसंच असायचं. तुझा बाप तू जन्मायच्या आधीच सीमेपलीकडच्या खाणीवर गेला तो गेलाच. ताई त्याच्यासाठी रडलेली मी पाहिली नाही. तुझ्यासाठी मात्र रडायची. तुला ताप आला की तुला पाठीला बांधून शेंगदाणे भाजायची आणि डोळ्यांत धूर गेला म्हणायची.

मग एका संस्थेनं बाजारातल्या बायकांसाठी शिकवणी ठेवली. छोटा धंदा फोनवरून कसा वाढवायचा, याची. मीच ताईला ओढून नेलं. शिकवणारी मुलगी हुशार होती, वाईट नव्हती. ती म्हणाली, "लोक तुमचं लोणी विकत घेत नाहीत, तुम्हाला घेतात. आज जी बाई दिसली तीच उद्या दिसली पाहिजे. तोच रंग, तीच हाक, तेच हसू. एक दिवस जरी वेगळ्या दिसलात तरी विश्वास तुटला समजा." ताईनं हे सगळं एखाद्या व्रतासारखं धरलं. पिवळं फडकं डोक्याला बांधायचं ठरलं. "कशा आहात माझ्या लेकींनो?" ही हाक ठरली. नाव मी सुचवलं होतं, प्रिस्काचं लोणी. ती म्हणाली, "प्रिस्का कोण? मला ह्या नावानं कुणी हाक तरी मारतं का? बाना मुसोंडा ठेव. मुसोंडाची आई." प्रत्येक बरणीवर तुझं नाव आहे, ते असं.

हसू मात्र येईना. मी फोन धरून उभी आणि ती दगडासारखी. शेवटी मी आजीची नक्कल केली, शेळीला ओरडते तशी. टेबलाखाली बसून पळी चाटत होतीस तू, ती खदखदून हसायला लागलीस. तुझ्याकडे बघून ताई हसली. तो पहिला व्हिडिओ. लोकांना आवडलं ते हसू तुझ्यासाठीचं होतं.

धंदा चालला. न्डोलाहून, लुसाकाहून मागणी यायला लागली, हाताखाली तीन बायका आल्या. ताई रोज हसत होती. आणि त्याच वर्षी तिचं पोट दुखायला लागलं, अंगावरून जायचं थांबेना. तिनं कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते तिचे कपडे बघून. दवाखान्यातल्या नर्सनं मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं तर म्हणाली, "ऑक्टोबरची स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होऊन जाऊ दे. आत्ता सगळ्यात जास्त खप आहे." मी भांडले. "आजारी बाईच्या हातचं कोण खाईल गं, लोम्बे?" एवढंच म्हणाली. ती वाळत चालली तसं मी तिच्या पोलक्याच्या आत कापड भरायला लागले, गालांना रंग लावायला लागले. हे मी माझ्या हातांनी केलं, मुसोंडा. तिला उचलून न्यायला हवं होतं, त्या वेळी मी तिचं फडकं नीट करत होते.

इस्पितळात जायच्या आधी तिनं तुला आजीकडे गावी, लुविंगुला पाठवलं. मग दोन दिवसांत चाळीस व्हिडिओ केले. पोलकी बदलायची, फडकं तेच. प्रत्येक व्हिडिओ झाला की खाली बसायची, दम खायची आणि पुन्हा उभी राहायची. "मी बरी होईपर्यंत पुरतील," म्हणाली. रोज दुपारी बाराला आमच्या पेजवर एकेक आपोआप लागेल असं मी फोनवर लावून दिलं.

ताई इस्पितळातून घरी आली नाही. मुसोंडा, तुझी आई वारली. याला सात वर्षं झाली. आजी सांगते तशी ती दक्षिणेला कामाला गेलेली नाही. ती किट्वेत आहे, मातीत. तिच्या थडग्याला मी दर वर्षी चुना लावते. ती गेली तेव्हा चाळिसातले एकोणीस व्हिडिओ उरले होते. मूठमाती देऊन आम्ही अंगणात चटयांवर बसलो होतो, बायका रडत होत्या आणि बारा वाजले. माझ्या डोक्यात राहिलंच नव्हतं. चार-पाच जणींचे फोन एकदम वाजले. एकीनं न बघता बोट लावलं, आणि सगळ्यांच्या मधोमध ताईचा आवाज आला, "कशा आहात माझ्या लेकींनो?" एका म्हातारीनं किंचाळून फोन उडवून दिला. आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "बंद कर ते." मी हो म्हटलं.

बंद केलं नाही. तीन बायकांची चूल त्यावर होती, तुझी शाळा पुढं होती, आणि मला दुसरं काही येत नव्हतं. ही कारणं खोटी नाहीत, पण पुरी पण नाहीत. रोज बाराला ताई हसायची ते मला हवं होतं. एकोणीस संपल्यावर मी माझे हात दाखवायला लागले, चेहरा नाही. भाजणारे हात, बरणी भरणारे हात, कडेला पिवळ्या फडक्याचं टोक. आवाज आम्हा दोघींचा इतका सारखा की आजीसुद्धा फोनवर फसायची. अधूनमधून जुना फोटो टाकायचा. अंगणात होत्या त्या बायकांनी बाहेर काही सांगितलं नाही, आणि पेजवर कुणाला शंका आली नाही. उलट बायका लिहायच्या, "आई, तुमचं हसू बघून माझा दिवस सुरू होतो." नवऱ्यानं मारलं ते लिहायच्या, मूल गेलं ते लिहायच्या, आणि मी ताई होऊन उत्तरं द्यायचे. तुला मात्र आजीनं सांगितलं की आई कामाला दूर गेलीय. तिच्या तोंडून खरं बाहेर पडेना. दर सुट्टीत म्हणायची, "पुढच्या वेळी सांगू." मी कधीच म्हटलं नाही की आत्ता सांग. तुला माहीत नसणं मला सोयीचं होतं. तुला कळलं असतं तर गावाला कळलं असतं, आणि बाना मुसोंडा संपली असती.

सिस्टरनी मला फोन करून पुढचं सगळं सांगितलं. वर्गातल्या एका मुलीनं तुला म्हटलं की तुझी आई मेलीय, आणि तू तिचे केस धरलेस. मग एका मोठ्या मुलीच्या फोनवर तू हे पेज शोधलंस आणि सगळ्यांना दाखवलंस, "बघा, ही काय माझी आई." त्याच फोनवरून तू लिहिलंस, "आई, मी मुसोंडा. तू मला भेटायला कधी येशील?" त्या दिवशी शंभर मेसेज होते. सगळ्याच मला आई म्हणतात. मी नाव वाचलं नाही. शनिवारी गावोगावी लोकांच्या डब्यांत लोणी भरून द्यायला आमची गाडी जाते, त्याचं तयार उत्तर फोनमध्ये ठेवलेलं आहे. ते मी दाबलं, "शनिवारी येते हं लेकी, डबा धुऊन ठेव!" सिस्टर म्हणाल्या, तू सकाळी न्याहारी न करता फाटकाशी जाऊन बसलीस, धुतलेला डबा मांडीवर घेऊन. अंधार पडला तरी उठेनास. हे पत्र त्यासाठी आहे. फोनवर बोलले असते तर तुला तिचाच आवाज ऐकू आला असता, आणि ते मला आता करायचं नाही. काल मी पेजवर खरं लिहिलं. खूप बायका रडल्या, खूप जणींनी शिव्या दिल्या, एकीनं विचारलं, लोणी मिळणार ना? आज ते बंद केलं. गुरुवारच्या बसनं मी आणि आजी निघतोय. फाटकाशी थांबू नकोस. आत बस, मी आत येईन. मला भेटायचं नसेल तर सिस्टरना तसं सांग. आजी तुझ्याजवळ येईल, मी बाहेर उभी राहीन.

तुझ्या आईची धाकटी बहीण,
तुझीच
लोम्बे मावशी