परसातल्या पाण्यात पाय टाकण्याबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी साहेब,
ग्रामपंचायत कार्यालय, पांढरधरा,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ

अर्जदार : बळीराम नागोराव डहाके, निवृत्त जिनिंग फिटर, रा. पांढरधरा

विषय : राहत्या घराच्या परसात पोहण्याचे टाके बांधण्यापूर्वी नियम समजून घेण्याबाबत, व आता टाके बांधून झाल्यावर त्यात उतरण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. ९ डिसेंबर २०२४ व त्यानंतरची स्मरणपत्रे.
२) आपल्या कार्यालयाची नोटीस दि. १० ऑक्टोबर २०२५.

महोदय,

आपण या गावी नव्यानेच रुजू झालात, म्हणून सर्व हकीकत मुळापासून सांगणे भाग आहे. अर्ज लांबला तर क्षमा असावी.

१. माझी पत्नी सौ. मथुराबाई हिला दोन वर्षांपूर्वी ताप आला. ताप उतरला, पण पायांतले बळ घेऊन गेला. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे. व्यायाम देणाऱ्या यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी तिला एकदा नागपूरला नेऊन छातीभर पाण्याच्या तलावात उतरवले. तिथे ती दांडी सोडून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत काठापर्यंत चालत आली. साहेब, मी सगळ्यांदेखत रडलो. अर्जात असे लिहू नये हे मला कळते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असे पाणी रोज मिळाले तर ही जमिनीवरही चालेल. नाही मिळाले तर सांधे आखडतील आणि मग पाण्याचाही उपयोग होणार नाही. नागपूर रोज जमण्यासारखे नाही. गावच्या विहिरीला तळ लागत नाही आणि नाल्यात घोटाही बुडत नाही.

२. म्हणून परसात टाके बांधायचे ठरवले. सगळी गल्ली म्हणाली, "विचारता कायले? खोदून टाका." परंतु मी जन्मभर मशीन बंद असल्याची खात्री केल्याशिवाय पट्ट्याला हात लावला नाही, म्हणूनच माझी दहाही बोटे शाबूत आहेत. मी आधी विचारले. शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर किती सोडावे, खोली किती असावी, लहान मुले पडू नयेत म्हणून कुंपण किती उंच असावे, वापरलेले पाणी कुठे सोडावे, आणि टंचाईच्या दिवसांत टँकरचे पाणी त्यात भरता येते काय, एवढेच माझे प्रश्न होते.

३. आपल्या आधीच्या साहेबांनी सांगितले की, रजिस्टरात विहीर, शेततळे, गोठा आणि संडास आहे, पोहण्याचे टाके नाही. जवळचे वाटेल ते लिहा. विहीर लिहिली तर पाणी लागल्याचा दाखला मागितला. शेततळे लिहिले तर सातबारा मागितला. परसाला सातबारा कुठला? गोठा लिहायला माझे मन धजले नाही, कारण आत बायको उतरणार होती. शेवटी साहेब म्हणाले, पाहणी करू, पण पाहायला काहीतरी पाहिजे, आधी बांधून ठेवा. हे तोंडीच सांगितले. मी बांधले. भिंतीपासून जागा सोडली, तारेचे कुंपण घातले, त्याला फाटक बसवले, उथळ पायऱ्या केल्या आणि धरायला पाइपाचा कठडा लावला. नियम कोणी सांगितले नाहीत, तरी माझ्या अकलेप्रमाणे पाळले.

४. गळती तपासायला मार्चमध्ये टाके भरले, त्याच दिवशी घात झाला, आणि तो आमच्याच हातांनी झाला. शेजारी बबनराव यांची सून रुपाली बाळंतीण होती. रिवाजाप्रमाणे तिला विहिरीचे पाणी पुजायचे होते. गावच्या विहिरीवर ग्रामपंचायतीने लोखंडी जाळी बसवली आहे आणि कुलपाची किल्ली कोणाजवळ आहे हे कोणालाच ठाऊक नाही. पोर लेकराला घेऊन हिरमुसून परत चालली होती. मथुराबाईने खुर्चीतून हाक दिली, "ये वं बाई, माह्या टाक्यातलं पाणी बी पाणीच हाय. इथंच पूज." रुपालीने काठावर खडे मांडले, शेंदूर लावला, पाण्यातल्या देवी म्हणजे आसरा, त्यांच्या नावाने नारळ ठेवला. मथुराबाईने तिची ओटी भरली. ताप आल्यापासून ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. तो नारळ मीच फोडून दिला.

५. त्यानंतर गावातली प्रत्येक बाळंतीण आमच्याच परसात येऊ लागली. लग्नघरचे हळदीचे पाणीही इथूनच जाऊ लागले. आणि देवी बसलेल्या पाण्यात कोणी पाय टाकला तर पुजणारीच्या लेकराला बाधते, असे बायका बोलू लागल्या. ग्रामसभेने ठराव करून टाक्याची नोंद 'सार्वजनिक पाणवठा' अशी केली. ज्या कार्यालयाने माझ्या एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते, त्याने एका नोटिशीत सगळी दिली : फाटक बंद ठेवू नये, कठडा काढावा, पाणी आटू देऊ नये, आणि 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे' असा फलक अर्जदाराने स्वतः लावावा. फलक लावला आहे. अक्षर माझेच आहे.

६. साहेब, खोटे कशाला बोलू, नोटीस मी मोडणार होतो. एका दुपारी गल्लीत सामसूम पाहून खुर्ची पायऱ्यांपर्यंत नेली. मथुराबाईने माझा हात घट्ट धरला. "रुपालीच्या लेकराले काही झालं त दोष कोणाले लागल? मी नाही टाकत पाय." मी समजावले, चिडलो, दोन वेळा जेवलोही नाही. मग रुपाली स्वतः आली आणि म्हणाली की मी पुजलेलं पाणी काकूले मोकळं हाय. तिला उत्तर मिळाले, "तू लेकरू हायेस, तुले काय समजते." तर अशी ती दुसऱ्याच्या लेकरासाठी आपले पाय सोडून बसली आहे. टाके भरलेले आहे. मी रोज सकाळी त्यातली निंबाची पाने काढतो. तिचे गुडघे आता पहिल्यासारखे सरळ होत नाहीत. तेल लावताना माझ्या हाताला ते कळते. मला फार भीती वाटते, साहेब.

७. म्हणून आता मी नियम विचारत नाही, परवानगीही मागत नाही. मला आदेश पाहिजे. माझी पत्नी देवाशी वाद घालत नाही आणि माझे ऐकत नाही, परंतु गोल शिक्क्याच्या कागदाला ती फार मानते. सबब, सौ. मथुराबाई बळीराम डहाके हिने रोज सकाळी सदर टाक्यात उतरावे व त्यात कसूर करू नये, असा सक्त आदेश तिच्या नावाने काढावा. त्यात असेही स्पष्ट लिहावे की, या कृत्याने देवाचा काही दोष लागल्यास तो ग्रामपंचायतीस लागेल. सदर महिलेस किंवा कोणाच्याही लेकरास लागणार नाही. अशा आदेशाची तरतूद नसेल, हे मला माहीत आहे. पोहण्याच्या टाक्याचीही नव्हती. थंडी वाढण्याआधी कागद मिळावा. पाणी गार झाले की तिला आणखी एक कारण सापडेल.

आदेशावर सही होईपर्यंत कार्यालयाच्या ओट्यावर बसून राहणारा,

आपला नम्र,
(सही)
बळीराम नागोराव डहाके
पांढरधरा, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.
२) नोटिशीची प्रत व लावलेल्या फलकाचा फोटो.
३) शेजारीण सौ. रुपाली हिचे संमतिपत्र. तिने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, मी एक अक्षर बदललेले नाही : "काकू पाण्यात उतरल्या त माह्या पोराले काही होत नाही. तो आता भिताडाले धरून उभा होऊन राह्यला. तो चालाच्या आंधी काकूनं चालावं. हे मी राजीखुशीनं लिहून देतो."