आईचं शेवटचं पोतं

३ फेब्रुवारी
आजही सँपल फुटलं. तिसऱ्यांदा! चाचणीच्या मशीनची हातोडी पडली आणि पट्टीचे सरळ दोन तुकडे. जुन्या बादल्या नि झाकणांच्या प्लास्टिकात काचेचे तंतू घालून आम्ही मोटारसायकलचा ब्रॅकेट करतोय — लोखंडाच्या जागी. दहा तारखेपर्यंत पट्टी टिकली नाही तर ऑर्डर गेली, आणि वेचणीच्या शेडमधल्या अकरा बायकांचं कामही. आमचे मॅनेजर अतुल सर म्हणाले, मालात भेसळ आहे, मालनबाई असत्या तर —

मालनबाई म्हणजे माझी आई. जाऊन बारा दिवस झाले. शेडमध्येच चक्कर येऊन पडली. मला रडू येत नाही. काहीच येत नाही.

४ फेब्रुवारी
डबा उघडला. बंद केला.

५ फेब्रुवारी
शेडमध्ये गेले. आई इथंच बसायची. तुकड्याचं टोक लायटरनं पेटवायचं, फुंकर मारायची, हुंगायचं. मेणबत्तीसारखा वास — आपला. केस जळल्यासारखा — बाजूला. इतक्या वर्षांत तिचं एक पोतं नापास नाही. असं जाळणं नियमात बसत नाही. मी लॅबवाली, बघून न बघितल्यासारखं करायचे. नव्या बायकांना ते नाक नाही.

कोपऱ्यात तिचं एक पोतं उरलंय. शेवटच्या आठवड्यात भरलेलं. तोंडाला तिच्या हिरव्या लुगड्याची चिंधी. शेजारी बसणाऱ्या साळूबाई म्हणाल्या, "ते नको सोडू, विशाखा. राहू दे की गं." मलाही सोडायचं नव्हतंच.

८ फेब्रुवारी
रविवार. करपलेलं पातेलं अजून मोरीत तसंच.

९ फेब्रुवारी
उद्या शेवटचा दिवस. अतुल सर येऊन पोत्याकडं बघून गेले. गाठ मीच सोडली, माल नव्या पट्टीसाठी दिला. चिंधी पर्समध्ये ठेवली.

१० फेब्रुवारी
फुटलं. ऑर्डर गेली.

आईच्या पोत्यात अर्धा माल भलताच! साळूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जायच्या आधी आठ-धा दिस तिला वासच येत नव्हता. डोकं बी लई दुखायचं. विशाखाला सांगू नको म्हणली, कामावरून काढतेल."

११ फेब्रुवारी
आज पातेलं घासायला घेतलं आणि रडू आलं. जायच्या आधीच्या रविवारी वरण करपलं, वास पार जिन्यापर्यंत. आई गॅसपाशीच उभी होती. लक्ष कुठंय तुझं, म्हणून मी ओरडले. ती म्हणाली, "चुकलं माझं, बाई."