आवाजात दुखून पाहिलं

१४ ऑक्टोबर, रविवार
सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

प्रिय ठोक्यास,

ताईचे आशीर्वाद. तुझ्या बायकोला माझी आठवण सांग. आम्ही दोघं बरे आहोत, तुम्ही दोघंही बरे असाल असं धरून चालते. धरून चालते म्हणजे काय, ते पुढे येईलच.

हवा गार व्हायला लागली आहे. तुझ्या दाजींचे गुडघे सकाळी कुरकुरतात आणि दाजी त्यांच्याहून जास्त. चष्म्याच्या दुकानात मालकांनी नव्या फ्रेमा आणल्यात, जाड काळ्या, घालणारा घुबडासारखा दिसतो. गिऱ्हाईक आरशात बघून विचारतं, ‘कसा दिसतो?’ आणि मला तोंड सरळ ठेवून ‘छान’ म्हणावं लागतं. या वयात एवढा अभिनय करते म्हणजे मलाही रंगमंचावर घ्यायला हवं.

तू फोनवर नेहमी पहिलं विचारतोस तेच आधी सांगून टाकते. हो, डोकं दुखतं. आठवड्यातून एकदा तरी येतंच. डाव्या भुवईच्या वर सुरू होतं, मग डोळ्यामागे मुक्काम ठोकतं. आईची अर्धशिशी माझ्याकडे आली. दागिने काही नव्हतेच तिच्याकडे, मग पोरीला द्यायचं तरी काय! उपायांचं म्हणशील तर ज्यानं जे सांगितलं ते केलं. कॉफी सोडली. मग कुणी म्हणालं, कॉफीच घ्या, म्हणून परत धरली. एकानं कपाळाला सुया टोचल्या. शेजारणीनं आल्याचा लेप लावला, त्यानं कपाळ असं भाजलं की तेवढा वेळ आतलं दुखणं विसरले. मानेखालची उशी तीनदा बदलली. नंबर तपासून घ्या असंही एकानं सुचवलं. मला! दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवणाऱ्या बाईला! पण नंबर खरंच बदललेला निघाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तो चष्मा बदलूनही डोकं दुखतच राहिलं.

परवा कपाळावर ओला रुमाल टाकून पडले होते, तर आपलं जुनं घर आठवलं. दाराच्या मुठीला बाबांचा करडा मफलर. शाळेतून येताना जिन्याच्या वळणावरूनच आपण बघायचो, मफलर आहे का. असला म्हणजे आईचं डोकं धरलंय, मग बूट तिथेच काढून हातात घ्यायचे, दप्तराची कडी वाजू नये म्हणून ती मुठीत धरायची आणि दार असं ढकलायचं, जणू आपण आपल्याच घरी चोरी करायला आलोय. आतल्या खोलीचे पडदे ओढलेले. बाबा स्वयंपाकघरात, कामावरून लवकर आलेले, ओट्यावर टॉवेल अंथरून त्यावर भांडी ठेवताहेत. रेडिओवर चादर टाकलेली, तो तर बंदच असायचा, तरी चादर!

आणि आपली खुणांची भाषा. पोटावर हात म्हणजे भूक. कान ओढला म्हणजे शेजारीण आली, दार तू उघड. दोन बोटं नाकावर म्हणजे बाबांचा पारा चढलाय. बाबांना ही शेवटची खूण माहीत नाही असं आपल्याला वाटायचं. एकदा त्यांनीच स्वतःच्या नाकावर दोन बोटं ठेवून आपल्याकडे पाहिलं, आठवतं? तू टॉवेलचा बोळा तोंडात कोंबून हसलास, मी टेबलाखाली जाऊन हसले. आवाज न करता हसल्यानं पोट किती दुखतं ते आपल्या दोघांनाच ठाऊक.

खरं सांगते, माझ्या लहानपणातला सगळ्यात गोड भाग तोच. फरशीवर तिघं मांडी घालून बसलेलो, बाबा एक एक संत्रं सोलून फोडी वाटताहेत, कुणी कुणाशी बोलत नाही आणि तरी गप्पा संपत नाहीत. मग संध्याकाळी आतला पडदा सरकल्याचा आवाज यायचा. आई केस बांधत बाहेर यायची आणि म्हणायची, ‘मेले का रे सगळे? चहा टाका कुणीतरी.’ त्यानंतर जो दंगा व्हायचा! आपण दोघं एकाच वेळी तिला दिवसभराचं सांगायला लागायचो आणि बाबा मुद्दाम पातेलं आपटायचे.

तू उशीवर वाजवायला शिकलास ते त्याच घरात. दोन लाकडी चमचे आणि बाबांची उशी. मग कापूस बाहेर आला, म्हणून स्वतःच्या मांड्यांवर. शेवटी बाबांनी तुला गावाच्या दुसऱ्या टोकाला त्या मिशीवाल्या बँडमास्तरांकडे नेलं. तुझा पहिला ड्रम त्यांच्याच खोलीत राहिला, दुसराही. तुझे ड्रम कधी आपल्या घरात आलेच नाहीत. जेवताना ताटाच्या कडेवर तुझी बोटं चालायची, तेवढंच आम्हाला कळायचं.

बरं, नवी बातमी. मी एका नव्या डॉक्टरांकडे गेले होते. फक्त डोकेदुखीच बघतात. वयानं माझ्या लेकीसारखी मुलगी, पण प्रश्न विचारायची पद्धत जुन्या फौजदाराची. काय खाता, कधी झोपता, उजेडानं वाढतं का. म्हटलं, उजेड तर डोळ्यात सुरीसारखा शिरतो. मग म्हणाली, ‘आणि आवाजानं?’

‘वाढतं ना. अर्थातच.’

‘किती?’

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

‘आवाजात दुखून पाहिलंय कधी?’ ती म्हणाली.

ठोक्या, कधीच नाही रे. माझ्या दुखण्याला आवाज भेटलाच नव्हता. आधी आपलं घर, मग हे घर. तुझ्या दाजींनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आजतागायत घालताहेत. माझं डोकं धरलं की ते शिंकायलासुद्धा गच्चीवर जातात. गोड माणूस आहे. पण दुखणारं माणूस दिसलं की दार लोटून घ्यायचं आणि चवड्यांवर चालायचं, हा आपल्या घरचा नियम मी हुंड्यासारखा इकडे आणला आणि त्यांनी तो मुकाट्यानं पाळला.

मग मी काय केलं असेल? पुढच्या वेळी दुखायला लागलं तेव्हा पडदे न ओढता उठले, गॉगल चढवला आणि वरच्या मजल्यावर गेले. तिथे नव्या भाडेकरूंच्या कपाटांचं काम चाललंय. रंगाच्या डब्यावर बसले. सुतारानं माझा चेहरा बघितला आणि हातोडी खाली ठेवली.

‘काकू, आवाजाचा त्रास होतोय ना? थांबतो जरा.’

‘थांबायचं नाही,’ म्हटलं. ‘ठोका.’

‘ठोकू?’

‘जोरात ठोका.’

बिचाऱ्यानं जिन्याकडे पाहिलं, मला न्यायला कुणी येतंय का म्हणून. मग ठोकायला लागला. करवत चालवली, ड्रिल चालवलं. मी डोळे मिटून लक्ष ठेवून होते, जसं दूध उतू जातंय का बघतो तसं. आणि खरं सांगू? जितकं दुखत होतं तितकंच दुखत राहिलं. तसूभरही जास्त नाही. उलट तो गुणगुणत होता, ते ऐकताना मधेच क्षणभर लक्ष दुसरीकडे गेलं. खाली आले तर तुझे दाजी ओला रुमाल घेऊन दारात उभे, चेहरा असा, जणू मी वरून पडूनच आले आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाली, प्रत्येकाचं वेगळं असतं, तुमचं उजेडाचं आहे. गोळ्या दिल्यात, त्यानं पूर्वीपेक्षा जरा कमी वेळा येतं. पूर्ण जाणार नाही असंही तोंडावर सांगितलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही, इतकी वर्षं ‘जाईल, जाईल’ ऐकून कान किटले होते.

तेव्हापासून आईचा विचार डोक्यातून जात नाही. तिला खरंच आवाजानं त्रास व्हायचा का? होतही असेल. पण तिला कुणी विचारलं होतं, असं मला आठवत नाही. मफलर बाबांनी अडकवला, आपण बूट काढले आणि ती त्या अंधारात एकटी पडून राहिली. बाहेर आपण तिघं संत्री खात होतो. ती येऊन ‘मेले का रे सगळे?’ विचारायची, तेव्हा आपण हसायचो. आता ते वाक्य आठवलं की मला रडू येतं.

आता मुद्द्यावर येते. गुरुवारी तुझे दाजी म्हणाले, ‘पुढच्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी दात काढायला जायचंय.’ आणि त्या दातासाठी बुटांना पॉलिश करायला बसले. कोटाला ब्रश मारला. मी विचारलं, कुठला दात? त्यांनी आधी डावा दाखवला, नंतर उजवा. तो माणूस आयुष्यात एकदाही नीट खोटं बोलू शकला नाही, म्हणून तर मी लग्न केलं. चहा होईपर्यंत सगळं ओकले.

तर शनिवारी थिएटरमध्ये तुझा शेवटचा कार्यक्रम आहे. तुझं मनगट गेलं आहे आणि डॉक्टरांनी तुला वाजवणं बंद करायला सांगितलं आहे. हे गेल्या वर्षापासून चाललंय. तू दाजींना बोलावलंस आणि बजावलंस, ‘ताईला कळू देऊ नका, ती हट्टानं येईल आणि आठवडाभर पडून राहील.’

मी खूप रागावले. दाजींवर, तुझ्यावर. दोन दिवस लिहायला बसत नव्हते ते त्यामुळेच. रागावून झाल्यावर कळलं की तू काही वेगळं केलं नाहीस. तू बूट काढून हातात घेतलेस, एवढंच. माझं दुखतं म्हणून तू तुझं दुखणं चवड्यांवर चालत माझ्या दारावरून पलीकडे नेलंस. आपल्या घरात एका वेळी एकालाच दुखायची परवानगी होती रे, आणि माझा नंबर कधी संपलाच नाही. दर रविवारी फोनवर ‘ताई, डोकं कसंय?’ आणि मी लांबण लावून सांगत बसायची. तुला मनगट कसंय हे विचारायला मला ते माहीत तरी हवं होतं.

आणि एक गोष्ट आहे, ती लिहायला मला अख्खं पत्र लागलं. मी तुला कधी वाजवताना ऐकलेलं नाही. एकदाही नाही. लहानपणी ड्रम मास्तरांकडे. नंतर तू म्हणायचास, ‘ताई, आत फार आवाज असतो, नको,’ आणि मी म्हणायची, ‘बरं.’ लोक दुकानात येऊन मला सांगतात, तुमचा भाऊ काय वाजवतो! मी मान डोलावते, जसं काही मला ठाऊकच आहे. तू सगळं आयुष्य ज्यात घातलंस ते मी लोकांच्या तोंडून ऐकलं.

म्हणून शनिवारी मी येणार. दाजींना सांगितलंय, पहिल्या रांगेत बसायचं. दुकानातला सगळ्यात गडद गॉगल मालकांकडून मागून घेतलाय, रंगमंचावरच्या दिव्यांसाठी. त्या दिवशी डोकं दुखलं तर दुखेल. मी डोकं धरलेलं दिसलं तर घाबरू नकोस, हात आवरता घेऊ नकोस, माझ्याकडे बघत हळू तर मुळीच वाजवू नकोस. मनगट जेवढं साथ देईल तेवढं सगळं त्यात घाल. मला अर्धं नको. आणि साथ देईना झालं तर मधेच थांब, त्याचंही मला काही नाही. मी तुझ्यासाठी येते आहे.

कार्यक्रमानंतर आत येईन. तिथे आधी तू बोलायचंस. कुठे दुखतं, कधीपासून, रात्री झोप लागते का, सगळं. मी मधे माझं डोकं काढणार नाही.

तुझी,
तुला पहिल्यांदाच ऐकायला येणारी,
ताई