वीस पेले आणि नारिंगी फीत

१४ सप्टेंबर १९९३, मंगळवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. हेतू: पुरावा राहावा.

लाकडाची मिल बंद होऊन अकरा महिने झाले. तिथल्या खरेदी खात्यात बावीस वर्षे एकही कागद माझ्या हातून गहाळ झाला नाही. आठ पायांचे कोळी गोळा करण्याच्या कामासाठी संशोधक डॉ. फ्रीझन यांनी वाणिज्य शाखेचा पदवीधर निवडला, यातच सर्व आले. (अर्ज एकच आला होता, असे माझी बायको ओल्गा म्हणते. तिला हे कोणी सांगितले, ते सांगत नाही.)

काम असे: वीस पेले उभ्या जंगलात, वीस शेजारच्या तोडलेल्या रानात, तोंड जमिनीच्या पातळीत येईल असे पुरलेले. तळाशी न गोठणारा द्रव, वर लाकडी झाकण. चालता चालता कोळी आत पडतो. दर मंगळवारी तो बाटलीत भरायचा आणि दर पेल्यामागे एक नोंदपत्रक भरायचे. दोन्हीकडच्या कोळ्यांत फरक काय, एवढाच डॉक्टरांचा प्रश्न. ऑक्टोबरअखेर काम चोख ठरले, तर वसंत ऋतूपासून कायम नोकरी. मग घर विकून एडमंटनला मेव्हणीच्या तळघरात राहायला जाण्याचा विषय बंद.

कोळ्यांची मला भीती वाटत नाही. चिमटा दीड फुटी घेतला, तो स्वच्छतेसाठी.

२१ सप्टेंबर, मंगळवार

जंगलातला पेला क्र. ७ चार इंच डावीकडे सरकलेला. झाकणावर दगड. दगड मी ठेवलेला नाही.

डॉक्टर फोनवर म्हणाल्या, अस्वल असेल. अस्वल पेला उपटेल, हे मान्य. परत पुरून वर दगड ठेवील काय? शेजारी बुटाचे ठसे. जंगलाच्या या पट्ट्यातून डेल्बर्ट जोसेफची मार्टिन (मुंगसासारखा, किमती कातड्याचा प्राणी) पकडण्याची वाट जाते. आजोबांपासून त्याच्या घराण्याची आहे. पट्टा म्हणजे तरी काय, तोडीतून वगळलेली स्प्रूसची तीनेकशे झाडे. माझे वीस पेले त्याला खुपत असावेत.

संशयित क्र. १: डेल्बर्ट. क्र. २ ची जागा मोकळी ठेवली आहे.

२८ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी खुणेसाठी दिलेली निळी फीत धुक्यात दिसत नाही. पेला क्र. १३ शोधण्यात सात मिनिटे गेली. असा गलथानपणा मिलमध्ये चालला नसता.

उपाय घरीच निघाला. गॅरेजमध्ये नारिंगी, काळ्या पट्ट्यांच्या फितीची अकरा रिळे आहेत. मिलचा शिल्लक माल. बावीस वर्षे या फितीची मागणी माझ्याच सहीने गेली. दर्जाबद्दल एकही तक्रार नाही. आज निळ्या फिती काढून टाकल्या आणि होकायंत्र व दोरी घेऊन पट्ट्याच्या पार मागच्या कडेने, प्रत्येक पेल्यासमोर एक, दहा-दहा मीटरवर नारिंगी बांधली. रेघ अशी सरळ की पाहत राहावे.

पलीकडच्या उतारावर लाकूडतोडीची यंत्रे चालू आहेत. आवाजाने एकाग्रता भंगते.

५ ऑक्टोबर, मंगळवार

तोडफोड! वीसही नारिंगी फिती गायब. काढलेल्या निळ्या पुन्हा जागच्या जागी. नारिंगी व्यवस्थित गुंडाळून दगडाखाली ठेवलेल्या, आणि सोबत चिठ्ठी: ‘ही फीत काढ. नाहीतर जंगल जाईल. डे.’

सरळसरळ धमकी, आणि वर सहीची अर्धीच हिंमत. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली. नारिंगी पुन्हा बांधली, दुहेरी गाठीने.

आज जंगलातले कोळी ३१, तोडलेल्या रानातले ५८. एक झाकणाखालून जिवंत निघाला. मी मागे सरलो, तो जागा करून देण्यासाठी.

११ ऑक्टोबर, सोमवार. थँक्सगिव्हिंग

जेवताना डेल्बर्टचा तीनदा फोन. मी घरी नाही असे सांग, म्हटले. ओल्गा म्हणाली, “टर्कीची तंगडी धरून बसलाय, असंच सांगते.” आणि सांगितलेही. शिवाय पाच मिनिटे बोलत बसली. परत येऊन म्हणते, “ऑर्व्हिल, तुझी फीत चुकीची आहे म्हणतोय तो. ऐकून तरी घे.”

तू कोणाच्या बाजूने आहेस, असे मी शांतपणे विचारले. “पेरोगींच्या,” ती उकडलेल्या करंज्यांच्या ताटाकडे बोट करून म्हणाली. “गार होताहेत.”

क्र. २ च्या जागी पेन्सिलीने ‘ओ.’ लिहिले.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

पेट्रोल पंपावर कॉफी घेत असता डेल्बर्टने चारचौघांत गाठले. “अरे ऑर्व्हिल, बावीस वर्षं ती फीत विकत घेतलीस. ती लागते कशाला, हे एकदा तरी कुणाला विचारलंस का?”

जे काही असेल ते लेखी द्यावे, असे मी सुचवले. कोणीतरी हसले. “लेखी दिलं होतं ना बाबा! माझी मार्टिन जातील आणि तुझे कोळीही. तोडीच्या मुकादमालाही सांगून आलो. तो म्हणतो, फीत दिसते ती फीत खरी.”

म्हणजे मुकादमालाही फितवण्याचा प्रयत्न! हेतू त्याच्याच तोंडून सिद्ध झाला: कातड्यांचा धंदा.

दुपारी पाहतो तो फिती पुन्हा निळ्या. तिसऱ्यांदा नारिंगी बांधली. यावेळी तारेने.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

पहिला बर्फ. तार टिकली! वीसपैकी वीस. डेल्बर्ट फिरकलाही नाही. शेवटी नियमाने वागणारा माणूसच जिंकतो.

डॉ. फ्रीझन यांचा परगावाहून निरोप: सगळे ठीक ना? का विचारावे? कोणी काही कळवले काय? ‘उत्तम’ असे उत्तर दिले.

यंत्रांचा आवाज बराच जवळ आला आहे. वाऱ्याची दिशा बदलली असावी.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी ७.४० ला जागेवर. जंगल नव्हते.

प्रथम वाटले, वळण चुकलो. होकायंत्र काढले. वळण बरोबर होते.

यंत्रचालक डबा खात बसला होता. नारिंगीच्या आतले सगळे पाडायचे, बाहेरचे राखायचे, एवढाच हिशेब, म्हणाला. नकाशात पट्टा सोडलेला दिसत होता. पण फीत तारेने बांधलेली, तेव्हा कोणीतरी विचार करूनच हद्द वाढवली असणार. “ही हद्द कोणी आखली हो? वीस वर्षांत इतकी सरळ रेघ पाहिली नाही.”

बावीस वर्षांत माझ्या कामाचे असे कौतुक कोणी केले नव्हते. मी आभार मानले.

डेल्बर्ट एका ताज्या खोडावर बसला होता. मार्टिन पकडण्याच्या पेट्या मोडून शेजारी रचलेल्या. तो ओरडेल या तयारीने मी दोन उत्तरे मनात जुळवली होती. तो म्हणाला, “सातवा पेला वाचलाय बघ. अस्वलाने उपटला होता तेव्हा जरा खोल पुरला होता मी.” आणि निळ्या फितीचे भेंडोळे माझ्या हातात ठेवून पेट्या उचलू लागला. एका बाजूने मीही उचलल्या. त्याच्या गाडीत ठेवल्या.

सातव्या पेल्यात एक कोळी होता. चिमटा सापडेना. हाताने काढला.

घरी आलो. ओल्गाने चहा ठेवला. थोड्या वेळाने बहिणीला फोन लावून तळघरात उजेड कितपत येतो, ते विचारत होती.

डॉक्टरांच्या नोंदपत्रकात एक ओळ आहे: ‘जागा: जंगल / तोडलेले रान. लागू नसेल ते खोडावे.’ वीस नोंदपत्रकांवर पट्टी धरून ‘जंगल’ खोडले.

वीसही रेघा सरळ आल्या.